सोनं शुद्ध आहे. पण स्वच्छ आहे का?

खानदेशात मुलीचं लग्न ठरलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तारीख कोणती धरली?" आणि दुसरा, "सोनं जळगावचंच ना?" आता धुळ्याला काय सराफ नाहीत? आहेत, आणि पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. पण "जळगावहून आणलं" असं सांगितलं की ऐकणारी बाई नुसती मान डोलावते आणि दागिना परत ताटात ठेवते. उलटसुलट करून बघत नाही. जळगावच्या बाजारानं हा विश्वास अनेक पिढ्या जपून कमावलेला आहे.

तेव्हा आमच्या भाचीच्या साखरपुड्याच्या अंगठ्या जळगावलाच घ्यायच्या, यात वाद नव्हता. वाद निघाला तो वेगळाच. भाची म्हणाली, "मावशी, अंगठी साधी असली तरी चालेल. पण तिच्यापायी कुणाचे हाल झालेले असतील तर ती बोटात घालून मला मिरवता येणार नाही. हे बघून घेता येतं का गं?" ताईनं कपाळावर हात मारला. "दुकानात असलं काही विचारलंस तर लोक आपल्याला वेड्यात काढतील," म्हणाली. आणि खरं सांगायचं तर, मैत्रिणींनो, आपण सोन्याबद्दल आजवर एकच प्रश्न विचारत आलो : शुद्ध आहे ना? ते आलं कुठून, काढलं कुणी, घडवलं कुणी, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. म्हणून ठरवलं, या खेपेला दोन्ही प्रश्न घेऊन जळगाव गाठायचं. त्या एका दिवसात जे पाहिलं आणि त्यानंतर जे वाचून-विचारून समजून घेतलं, ते इथं सांगते. तुमच्या घरी कार्य असेल तर उपयोगी पडेल.

धुळे ते जळगाव

मार्गशीर्षातली सकाळ. धुळ्याच्या स्टँडवरून एस.टी.त बसलो. मार्च २०२३ पासून आपल्या बायकांना एस.टी.ला अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे तिघींचा प्रवास तसा स्वस्तातच. रस्ता साधारण पंच्याण्णव किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनच तुरीची शेतं. पारोळा आलं. झाशीच्या राणीच्या सासरच्या नेवाळकरांची जहागीर ती हीच, आणि भुईकोट किल्ला अजून गावात उभा आहे. एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला बसमधूनच हात जोडले. पाळधी गेलं आणि मग बांभोरीच्या पुलावर गिरणा लागली.

हा पूल मला मुद्दाम सांगायचा आहे. खिडकीतून खाली पाहा. नदीच्या पात्रात जागोजाग खड्डे दिसतात. गिरणेची वाळू उपसून उपसून नेलेली. त्या उपशाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं, काठाची शेती खचते. घर बांधणाऱ्यानं वाळूची पावती केलेली असते, त्याचं काम झालेलं असतं. भोगतो तो काठावरचा माणूस. मी भाचीला म्हटलं, "तुझा प्रश्न हाच आहे बघ. फक्त वाळूच्या जागी सोनं घाल." खाण म्हणजे काय हे समजायला आफ्रिकेत जायला नको, बांभोरीच्या पुलावरूनही ते दिसतं.

पूल ओलांडला की जळगाव आलंच. केळीचं, डाळींचं आणि सोन्याचं गाव. विहीणबाई दोंडाईच्याच्या. त्या सुरत-भुसावळ गाडीनं आमच्या आधीच येऊन पोहोचल्या होत्या. चहा घेतला आणि चौघी सराफ बाजाराकडे निघालो.

सोन्याला गाव नसतं

जळगावच्या सराफ बाजाराची गंमत अशी की तिथं गर्दी असली तरी आवाज कमी. काट्यावर लक्ष, हिशेबावर लक्ष. नऊवारीतल्या आज्या, त्यांच्यामागे सुना, आणि कोपऱ्यात कंटाळलेले पुरुष! एका जुन्या पेढीवर आम्ही बसलो. अंगठ्यांचे ट्रे समोर आले. भाचीनं एक अंगठी उचलली आणि सरळ विचारलं, "काका, हे सोनं कुठलं?"

विक्रेता मुलगा म्हणाला, "मुंबईचं, ताई."

"आणि मुंबईला कुठून येतं?"

मुलगा हसला. ताई माझ्याकडे रागानं बघू लागली. पण गादीवरचे वयस्कर गृहस्थ मात्र हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "बाळ, बिस्किटावर शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा शिक्का असतो, खाणीचा नसतो. आणि सोनं एकदा आटलं की त्याला गाव राहत नाही."

खरंच आहे ते. आपल्या देशात सोनं निघतं ते अगदी थोडं. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण चालू आहे, पण तिच्यावर काय भागणार? आपल्या गळ्यातलं, हातातलं बहुतेक नवं सोनं परदेशातून येतं. आजच्या कित्येक खाणींत एक टन दगड फोडावा तेव्हा एक-दोन ग्रॅम सोनं हाती लागतं. म्हणजे तीन ग्रॅमच्या अंगठीसाठी दीड ते तीन टन दगडाचा चुरा कुठंतरी मागं पडलेला असतो. मोठ्या खाणींत त्या चुऱ्यातून सोनं वेगळं करायला सायनाइड वापरतात.

आणि मोठ्या खाणींपेक्षा काळजी आहे ती लहान खाणींची. आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, आशियात मिळून एक ते दोन कोटी माणसं हातानं सोनं काढून पोट भरतात. त्यात बायका आहेत, मुलं आहेत. माती धुऊन झाली की ते तिच्यात पारा मिसळतात. पारा सोन्याच्या कणांना धरून गोळा होतो. मग तो गोळा चुलीवर तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. उडालेला पारा जातो कुठं? तापवणाऱ्याच्या छातीत, आणि पुढं नदीतल्या माशांत. बऱ्याचदा हे काम घरातल्या चुलीवर, लेकरं शेजारी असताना होतं. माणसानं हवेत सोडलेल्या पाऱ्यात सगळ्यात मोठा वाटा या सोन्याच्या कामाचा आहे. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या पाऱ्यानं काय हाहाकार केला ते १९५६ मध्ये जगापुढं आलं. त्याच गावाच्या नावानं २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१८ मध्ये भारतही त्यात सामील झाला.

यावर उपाय निघालेत. लहान खाणकामगारांना रास्त भाव देऊन, पारा-सायनाइडवर नियम घालून काढलेलं, दाखल्याचं सोनं २०११ पासून इंग्लंडच्या बाजारात मिळू लागलं. पण आम्ही त्या दिवशी चार दुकानं फिरलो, तिथं असा दाखला कुणाजवळ नव्हता. दुकानदारांना दोष द्यावा असं मला वाटलं नाही. जे गिऱ्हाईक कधी विचारतच नाही, ते दुकानदार का ठेवील?

आणि "असलं विचारू नये" हे म्हणणं तर जळगावात मुळीच टिकत नाही. रतनलाल बाफना यांनी १९७४ मध्ये इथं सोन्याचं दुकान काढलं. २०२० मध्ये ते गेले. पण सोनं विकता विकता शाकाहाराचा प्रचार त्यांनी जन्मभर केला. दागिने घ्यायला आलेल्या माणसाशी ताटातल्या अन्नाबद्दल बोलायला ते कधी लाजले नाहीत. तर मग सराफानं गिऱ्हाइकाशी नीतीच्या गोष्टी केलेल्या चालतात, आणि गिऱ्हाइकानं सराफाशी केलेल्या चालत नाहीत, असं कसं?

हिऱ्याचं काय?

विहीणबाईंच्या मनात एखादा हिरा असावा असं होतं. "एकुलता एक मुलगा आहे हो. खडा तरी बसवू या की."

हिऱ्याचं नाव काढलं की खानदेशाला सुरत परकी नाही. लिंबायत, उधना भागात आपल्याकडची किती घरं आहेत! जगातल्या दहा हिऱ्यांपैकी जवळजवळ नऊ सुरतेच्या परिसरात पैलू पाडून घेतात. पण कच्चा हिरा येतो तो बाहेरून. गेल्या शतकाच्या अखेरीस सिएरा लिओन, अंगोला या देशांत बंडखोरांनी हिरे विकून बंदुका घेतल्या, माणसांचे हात तोडले. म्हणून २००३ पासून 'किंबर्ली' नावाची दाखल्याची पद्धत जगभर सुरू झाली. भारतही तिच्यात सुरुवातीपासून आहे.

आता यातली मेख लक्षात ठेवा. हा दाखला कच्च्या हिऱ्यांच्या सीलबंद पेटीला असतो, तुमच्या अंगठीतल्या खड्याला नाही. आणि तो एवढंच सांगतो की या हिऱ्याच्या पैशातून बंडखोरांची लढाई चालली नाही. खाणीत मजुरी किती दिली, नदी नासवली का, याबद्दल त्यात अक्षर नाही. तेव्हा दुकानात "किंबर्लीचा आहे हो" असं सांगितलं तर ते खोटं नसेल, पण त्यावर निश्चिंतही होऊ नका.

दुसरा रस्ता प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचा. तो काचेचा किंवा नकली नव्हे, बरं का. तोही कार्बनचाच, कठीणपणा तोच, चमक तीच. सुरतेत तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. खाण टळते, हे खरं. पण तो वाढवायला वीज भरपूर लागते, आणि ती वीज कोळशाची की सूर्याची हा प्रश्न उरतोच. शिवाय त्याचे भाव गेल्या काही वर्षांत सारखे उतरलेत, म्हणून पुढं मोड मिळेल या आशेनं तो घेऊ नये. हौस म्हणून घ्यावा, आणि बिलावर 'प्रयोगशाळेत तयार केलेला' हे स्पष्ट लिहून घ्यावं.

भाचीनं आणखी एक विचारलं, "आपल्या जळगावचा दगड नाही का चालणार?" प्रश्न चांगला होता. आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या खडकाच्या खाणींत पोकळ्यांमधून अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट असे सुंदर स्फटिक निघतात. जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत त्यांच्याखाली 'जळगाव' असं लिहिलेलं असतं! पण ते ठिसूळ आणि मऊ. भांडी घासणाऱ्या हातात महिनाभर टिकायचे नाहीत. बघायला छान, बोटात नको.

शेवटी भाचीनंच निकाल दिला. "काकू, खडा नको. साधीच करू."

माडीवरचे हात

एका दुकानात आम्ही म्हटलं, अंगठी घडते कशी ते बघायचंय. मालकांनी थोडे आढेवेढे घेतले, पण वर जाऊ दिलं. अरुंद जिना, वर लहानशी खोली. पाच-सहा कारागीर जमिनीवर बसलेले, समोर लाकडी पाट, हातात चिमटा आणि फुंकणी. बहुतेक पश्चिम बंगालमधले. आज आपल्याकडच्या सराफ बाजारांत बारीक काम मोठ्या प्रमाणावर या बंगाली पोरांच्या हातचं असतं. खिडकी एकच, तीही अर्धी. तेजाबाच्या वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खाली वातानुकूलित दुकान आणि वर हे! मालकांचं नाव मी घेत नाही. पण तो जिना चढल्याशिवाय मला ते कळलं नसतं.

तुम्हाला 'केडीएम' हा शब्द आठवतो का? मध्यंतरी दुकानांच्या पाट्यांवर तो अभिमानानं लिहिलेला असे, आणि आपणही "केडीएमचं आहे ना?" असं मोठ्या जाणतेपणानं विचारत असू. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाक. दागिन्याचे सांधे जोडायला सोन्यात कॅडमियम मिसळून हा डाक करत. त्यानं दागिन्याचा टंच कमी होत नसे, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण जोडताना कॅडमियमची वाफ होते, आणि ती कारागिराच्या फुप्फुसात, मूत्रपिंडात जाऊन बसते. आपल्या बांगडीचा टंच टिकावा म्हणून कुणाची तरी छाती खराब होत होती. हॉलमार्कच्या दागिन्याला आता कॅडमियमचा डाक चालत नाही. कुणी अजूनही केडीएमची जाहिरात केली तर ती शुद्धतेची खूण समजू नका.

सोनं घडवणाऱ्या हातांना विसरण्याची आपली सवय तशी जुनीच. १९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली. आपण आया-आज्यांकडून ऐकलं ते "त्या वर्षी लग्नात सोनं मिळेना" एवढंच. पण देशभरातल्या लाखो सोनारांच्या मुशी थंड पडल्या, घरं उघड्यावर आली. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ मध्ये कायदा झाला, आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडलं.

आणखी एक माणूस आपल्याला दिसत नाही, तो झारेकरी. सराफ बाजार उघडण्याआधी पहाटे गल्ल्या झाडून, गटारातला गाळ काढून त्यातले सोन्याचे कण वेचणारा. गाळ धुऊन उरलेल्या चुऱ्यातून सोनं धरायला इथंही पारा आणि तेजाब वापरायची जुनी रीत आहे. म्हणजे पाऱ्याची ती गोष्ट फक्त दूरच्या जंगलातली नाही हो, आपल्या बाजाराच्या मागच्या गल्लीतलीही आहे.

बुगडी मुशीत

दुपारी भरीत-भाकरी खाल्ली. बामणोदच्या हिरव्या वांग्यांचे दिवस, त्यामुळे चव विचारू नका! जेवता जेवता मी पर्समधली डबी काढली. आमच्या आईच्या मोत्याच्या बुगड्या, त्यातल्या एकीची फिरकी तुटलेली, आणि वडिलांचं झिजून पातळ झालेलं वेढं. आई गेल्यापासून डबी कपाटात पडून होती. मी म्हटलं, "जावयाची अंगठी यातूनच करू या. यासाठी आता नवी खाण खणायला नको, की नवा पारा उडायला नको."

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "आईची आठवण मुशीत घालायची?" तिचे डोळे भरून आले. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दाग मोडणं ही आपल्याकडे अडचणीतली गोष्ट. कार्यात कुणी मोड करत नाही. शिवाय विहीणबाई समोर बसलेल्या. जुनं आटवून अंगठी केली म्हटल्यावर त्यांना कमीपणा वाटला तर?

पण आधी त्याच बोलल्या, आपल्या अहिराणीत. "घरमा पडेल सोनं शे ना, मंग नवं कसाले?" आणि त्यांनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली. त्यांच्या सासूबाईंच्या पोतीतले गव्हाएवढे मणी, ओवून घ्यायला आणलेले. "सुनेची अंगठी यातून करा. मला नुसते ठेवून काय करायचेत?"

ताईनं डोळे पुसले आणि डबी माझ्या हातातून घेतली. "मोती मात्र काढून दे," एवढंच म्हणाली.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथंच बहुतेक घरं फसतात. 'मोड देऊन नवी घेणं' आणि 'आपल्याच सोन्याची घडवून घेणं' या दोन वेगळ्या गोष्टी. मोड दिली की आपलं सोनं दुकानाच्या ढिगात जातं आणि समोर येते ती दुसऱ्याच सोन्याची तयार अंगठी. आम्हाला ते नको होतं. दोन ठिकाणी "एवढ्याशा सोन्यासाठी वेगळी मूस लावत नाही" असं ऐकलं. तिसऱ्या ठिकाणी, एका लहान पेढीवर, सोनार तयार झाले. मजुरी थोडी जास्त सांगितली. मी घासाघीस केली नाही.

दोन्ही घरांचं सोनं वेगवेगळं, आमच्या डोळ्यांदेखत आटवलं. बुगड्या-वेढं मोती काढून ४.६ ग्रॅम होतं, आटल्यावर ४.४ राहिलं. मशीनवर टंच निघाला ८४ टक्के. ताईचा चेहरा उतरला. "आईचं सोनं चौऱ्याऐंशी?" सोनार म्हणाले, "बाई, सोनं चांगलंच होतं. पण बुगडीला सांधे फार, आणि जुन्या काळी डाक हलका असायचा. सगळं मिळून एवढं येतं." विहीणबाईंचे मणी आतून पोकळ, लाख भरलेले. ४.१ ग्रॅमचे आटून ३ ग्रॅम झाले आणि टंच आला ७६. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग हसून म्हणाल्या, "सासूबाईंना कुणी फसवलं असेल, नाहीतर त्यांनाही ठाऊक नसेल. आता कुणाला विचारणार?"

आम्हाला वाटलं, आता वरून चोख सोनं घालावं लागणार. पण नाही. हॉलमार्क फक्त बावीस कॅरेटलाच मिळतो असं नाही. २० कॅरेटला ८३३, १८ कॅरेटला ७५० असे शिक्के आहेत. त्यामुळे जावयाची अंगठी वीस कॅरेटची झाली, भाचीची अठरा कॅरेटची. अठरा कॅरेट सोनं अंगठीला उलट बरं. कठीण असतं, लवकर झिजत नाही. आठ दिवसांनी अंगठ्या हाती आल्या. एक ४.१ ग्रॅमची, दुसरी २.८ ची. आतल्या बाजूला शिक्के. बुगड्यांचे मोती ताईनं डबीत परत ठेवले.

हे सगळ्यांनाच जमेल असं मी म्हणत नाही. सगळ्यांकडे जुनं सोनं नसतं, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते मोडावंच असंही नाही. पण २०२५ मध्ये तोळ्यानं लाखाचा टप्पा ओलांडला, आणि कपाटातल्या तुटक्या कुड्या, एकेकट्या बाळ्या, न वापरातल्या अंगठ्या तशाच पडून आहेत. जगात एवढं सोनं आधीच वर काढून झालेलं आहे, त्यातलं थोडं आपल्याच घरात आहे. ते आधी बघावं, मग दुकान.

दुकानात जाण्याआधी

१. तीन खुणा बघा. बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, कॅरेट व शुद्धता (उदा. २२के९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढं आणखी जिल्हे त्यात आले. एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये हा क्रमांक घालून तिथंच पडताळा. विक्रेत्याला राग येत नाही; आला तर उठा.

२. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. भाव वाढल्यामुळे हलक्या अंगठ्या खूप निघाल्यात. पैसे वाचवायला दीड ग्रॅमची घेत असाल तर हे ध्यानात असू द्या.

३. घरच्या जुन्या दागिन्यांची तपासणी हॉलमार्किंग केंद्रावर आपल्यालाही करून घेता येते. चार नगांपर्यंत २०० रुपये, आणि कर वेगळा. मोडायला जाण्याआधी हे केलं की टंचाचा वाद होत नाही.

४. आटणी समोर बसून करून घ्या. आधीचं वजन, नंतरचं वजन आणि टंच, तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. मोती, खडे आधी काढून परत मागा.

५. हे तीन प्रश्न विचारा : सोनं कुणाकडून घेता? घडवतो कोण, आणि त्याची बसायची जागा बघता येईल का? डाक कशाचा? तिन्हींची उत्तरं मिळतीलच असं नाही. पण जिथं उत्तर द्यायचा प्रयत्न होतो, तिथं बसायला हरकत नाही.

६. मजुरीवर फार घासाघीस करू नका. सोन्याचा भाव ठरलेला असतो, तो कमी होत नाही. आपण जे कमी करून घेतो ते बऱ्याचदा माडीवरच्या कारागिराच्या ताटातलं असतं. जिथं मजुरी फुकट अशी जाहिरात असेल, तिथं ती भरून कशातून काढतात ते जरूर विचारा.

७. बिल घ्याच. वजन, कॅरेट, मजुरी, हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहिलेला हवा. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा आपल्याला हक्क आहे. पण हातात बिल असेल तरच.

भाचीच्या साखरपुड्यात अंगठ्या ताटात फिरल्या तेव्हा एका आजीबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "जळगावच्या ना?" ताई म्हणाली, "घडवल्या जळगावला. सोनं दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांचं." आजीबाईंनी अंगठी उलटी करून आतले शिक्के पाहिले, मग पुन्हा एकदा पाहिली, आणि म्हणाल्या, "माझ्याकडंही एक तुटकी नथ आहे हो. कुणाकडे घडवलीत, पत्ता द्या." तुमच्याही कपाटात अशी एखादी डबी असेल. कार्याची खरेदी काढण्याआधी ती एकदा उघडून बघा.